घरगुती लोणची-पापडांच्या वेबसाइटसाठी डॉट कॉम, डॉट इन की डॉट शॉप घ्यावं? यांत नेमका फरक काय?

डॉट इन घ्या. उत्तर इथंच संपलं. पण प्रश्न वाचला आणि माळ्यावरची खोकी आठवली, म्हणून लिहितोय.

आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. दलालाला फाटा देऊन थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवायचं ठरलं, तेव्हा धाकट्या भावाने डॉट स्टोअर घेतलं. कारण काय, तर पहिल्या वर्षाला 99 रुपये! मी म्हणत होतो इन घेऊ. "दादा, आता कोण विचारतं त्याला?" आईने त्याची बाजू घेतली, विषय मिटला. पाचशे खोक्यांवर नाव छापून आलं.

मग एप्रिलमध्ये फोन सुरू झाले. डोंबिवलीच्या एक काकू नाव लिहून घेत होत्या. "स्टोअर... बरं, पुढे डॉट कॉम ना?" नाही काकू, तिथेच संपतं. "असं कसं संपेल?" पाच मिनिटांनी परत फोन, साइट उघडत नाही. कॉम लावलंच होतं त्यांनी. शेवटी पाच डझनाच्या दोन पेट्यांची ऑर्डर मी वहीत लिहून घेतली. हे रोजचंच झालं. आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आलं अडीच हजारांच्या वर.

आता फरक. शेवटची दोनच अक्षरं असतील तर ते देशाचं किंवा प्रदेशाचं. इन भारताचं, निक्सी नावाची भारतीय संस्था ते सांभाळते, 2005 पासून सगळ्यांना खुलं. स्टार्टअपवाले मिरवतात ते एआय म्हणजे कॅरिबियनमधलं अँग्विला बेट, टीव्ही म्हणजे तुवालू. कॉम 1985 पासूनचं, त्यामुळे चांगली नावं केव्हाच गेली. सेवाभावी संस्थांचं वाटणारं ऑर्ग कोणीही विकत घेऊ शकतो, ते बघून देणगी देऊ नका. गव्ह डॉट इन आणि बँक डॉट इन मात्र नुसते पैसे टाकून मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं ते याचसाठी. शॉप, स्टोअर वगैरे म्हणजे अशा नव्या शेवटांसाठी 2012 मध्ये अर्ज मागवले गेले, त्यानंतर आलेली पिलावळ. मालक खासगी, दर त्यांच्या मर्जीचा.

देवनागरी डॉट भारतही 2014 पासून मिळतं. मी हौसेने घेतलंय, पण त्यावरचा ईमेल पत्ता अर्धे फॉर्म अजून चुकीचा ठरवतात.

हां, तुमची गिऱ्हाइकं इन्स्टाच्या लिंकवरून किंवा क्यूआर कोडवरूनच येणार असतील, तर शॉपनेही काही बिघडत नाही. फक्त घेण्याआधी रिन्यूअलचा दर बघा आणि नोंदणी स्वतःच्या ईमेलवर करा, साइट बनवणाऱ्या पोराच्या नव्हे.

उरलेल्या खोक्यांवर आम्ही अजून नव्या नावाचे स्टिकर चिकटवतोय. चूक झाली असं भाऊ आजवर म्हणालेला नाही. मीही काही बोलत नाही, स्टिकरचा रोल तेवढा त्याच्याच हातात देतो.