आधी कोणतं काम?

वाचकांचे प्रश्न, नगर अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या सल्लागार बाईंची उत्तरं

प्रश्न : डिसेंबर 2025च्या निवडणुकीत मी पहिल्यांदाच नगरसेविका झाले. आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. प्रत्येक सदस्याने आपापल्या कामांची यादी दिली आहे आणि सगळ्या याद्या एकत्र केल्या तर शंभराच्या वर कामं होतात. ज्येष्ठ सदस्य म्हणतात, निधी सगळ्या प्रभागांत सारखा वाटून टाका, म्हणजे वाद नको. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही. क्रम लावायचा कसा?

उत्तर : ताई, सारख्या वाटपात वाद होत नाहीत हे खरं. पण जलशुद्धीकरण केंद्राला नगरसेवक नसतो. उद्भवापासून, म्हणजे पाणी जिथून उचलतात तिथून, जलकुंभापर्यंत येणारी मुख्य वाहिनी कुणाच्याच प्रभागातली नसते. निधीचे सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात बसतात ती पेव्हर ब्लॉक, हायमास्ट आणि गटाराच्या पन्नास मीटरची कामं. मोठं काम कोणत्याच तुकड्यात बसत नाही, म्हणून ते दर वर्षी पुढे ढकललं जातं आणि एक दिवस अख्खं शहर कोरडं पडतं.

आधी त्या शंभर कामांची चाळणी करा. खड्डे बुजवणं, मोटर रिवाइंड करणं, दिवे बदलणं ही भांडवली कामं, म्हणजे नवी टिकाऊ मालमत्ता उभारणारी कामं, नव्हेत. ती महसुली खर्चात, देखभालीच्या तरतुदीत जायला हवीत. यादीतली बरीच गर्दी इथेच कमी होईल. मात्र तिथून काढलेल्या कामांना देखभालीत खरोखर पैसे ठेवलेत ना, हे अंदाजपत्रक मंजूर करताना पाहा. देखभाल उपाशी ठेवली की तीच कामं चार वर्षांनी 'नूतनीकरण' असं नाव घेऊन भांडवली यादीत परत येतात.

मग मालमत्तांची नोंदवही मागा. नगरपरिषदेच्या मालकीचं काय काय आहे, कधी बसवलं, आज कसं आहे. पाणीपुरवठ्याचं संकल्पन करताना मोटरपंपासाठी 15 वर्षांचा आणि वाहिन्यांसाठी 30 वर्षांचा काळ धरतात. तुमचे पंप कोणत्या वर्षी बसवले, असं कार्यालयात विचारा. कागद लवकर सापडला नाही तर व्हॉल्व्हमनला विचारा, त्याला पाठ असतं. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कोणत्या गल्लीत जोड सारखे सुटतात, हेही त्यालाच माहीत असतं. क्रम लावण्याच्या बैठकीला त्याला बोलवा, असं मी ठिकठिकाणी सांगत आले. बोलवतात फार कमी ठिकाणी.

आता क्रम. ज्यात जिवाला धोका आहे आणि ज्याबद्दल न्यायालयाचा किंवा हरित लवादाचा आदेश आहे, ती कामं स्पर्धेत ठेवायचीच नाहीत. ती आधी. उरलेल्या प्रत्येक कामाला मी एकच प्रश्न सगळ्यात जोरात विचारते : हे तीन वर्षं केलं नाही तर काय होईल? बाग तीन वर्षांनी केली तर दरसूची, म्हणजे कामांचे ठरलेले सरकारी दर, वाढल्यामुळे महाग पडेल, बाकी काही बिघडणार नाही. पण जलकुंभाच्या तळातलं काँक्रीट सुटून गज उघडे पडले असतील, तर आज दुरुस्तीत भागणारं काम तीन वर्षांनी नवा जलकुंभ मागेल. थांबलं तरी तेवढंच राहणारं काम आणि थांबलं की वाढणारं काम, ही फोड एकदा केलीत की अर्ध्याहून जास्त वाद मिटतात.

त्याखालोखाल आणखी तीन गोष्टी पाहा. किती लोकांना उपयोग होणार आणि त्यात आजवर काहीच न मिळालेले किती. या कामावाचून दुसरं कोणतं काम अडलंय. आणि झाल्यावर ते चालवायचा खर्च कोण करणार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण पुरेत. शंभरापैकी गुण द्यायला गेलात तर 67 की 69 यावर सभा संपेल. कोणत्या निकषाला किती वजन, याचा ठराव मात्र कामांची नावं टेबलावर येण्याआधी करून घ्या. नावं आली की माणसं आपल्या कामाला सोयीचा निकष शोधू लागतात, त्यात कुणाचा अपवाद नाही. गुणांची बेरीज झाली की वरची कामं आणि अगदी तळची कामं आपोआप कळतात. मधल्या कामांवर खुशाल वाद घाला. सभागृह त्यासाठीच असतं.

हे परदेशात शोभतं, आपल्याकडे चालणार नाही, असं कुणी म्हणेल. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून लोकांना अंदाजपत्रकात सामील करून घेतलं, तेव्हा तिथेही वस्त्यावस्त्यांत ओढाताण होतीच. त्यांनी निधी वाटताना वस्तीची लोकसंख्या, तिथल्या सुविधांची उणीव आणि तिथल्या लोकांनी स्वतः ठरवलेला अग्रक्रम यांना वजन दिलं. जिथे गटार नाही त्या वस्तीला, जिथे आहे तिच्यापेक्षा जास्त मिळालं. सारखं वाटप आणि न्याय्य वाटप यांतला फरक त्यांनी आकड्यांत बसवला, एवढंच.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे सगळा पैसा एकाच रंगाचा नसतो. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालच्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातलं 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायचं, होतं. त्यातलं निम्मं पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संकलन आणि पुनर्वापरासाठी, निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. अशा पैशातून रस्ता होत नाही. म्हणून एकच लांब यादी करू नका, निधीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा क्रम लावा. मोठ्या योजनेचा स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेने भरायचा वाटा, स्वतःच्या उत्पन्नातून आधीच बाजूला काढा. हिस्सा भरता न आल्यामुळे योजना रखडतात आणि तोवर दर वाढून बसतात.

आणि थोडासा निधी प्रभागांना खरंच सारखा वाटून द्या. माझ्या काही सहकाऱ्यांना ही तडजोड वाटते. मला ती आवश्यक वाटते. तुम्हाला मत देणाऱ्या माणसाला आपल्या गल्लीत काहीतरी झालेलं दिसायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी मुख्य वाहिनीच्या बाजूने बोलायला सभागृहात तुम्ही नसाल.

प्रश्न : आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. वर्षही झालं नाही तोच नव्या पाणी योजनेची वाहिनी टाकायला तो मधोमध कापला. आता म्हणे भुयारी गटारही येणार आहे. याला नियोजन म्हणायचं का?

उत्तर : नाही म्हणायचं. पण हे कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे कुणाला काय विचारायचं ते कळेल. रस्त्याचा पैसा एका योजनेतून येतो, पाण्याचा दुसऱ्या, गटाराचा तिसऱ्या. रस्त्याचं इस्टिमेट लहान असल्यामुळे त्याच्या मंजुऱ्या पटकन होतात आणि मार्चअखेर खर्च दाखवायची घाई असते. पाणी योजनेचं तसं नाही. तिची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या सगळ्यात वर्षं जातात. त्यामुळे शेवटी व्हायला हवं ते काम आधी होतं.

जमिनीचा क्रम उलटा आहे. गटाराच्या वाहिनीला उतार लागतो, ती सगळ्यात खोल जाते, म्हणून ती आधी. पाण्याची वाहिनी तिच्यापासून दूर आणि तिच्याहून वर, म्हणून ती नंतर. मग दोन्ही बाजूंच्या घरांची जोडणी. ही मुख्य वाहिनीबरोबरच उरकायची असते, नाहीतर प्रत्येक नव्या नळासाठी रस्ता पुन्हा फुटतो. रस्ता सगळ्यात शेवटी, आणि तो करतानाही ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाइप घालून ठेवावेत, म्हणजे पुढे केबल किंवा नळ न्यायला खोदावं लागत नाही. डांबरी रस्ता खोदला तर ठिगळ लावता येतं. काँक्रीट कापलं की तो सांधा मूळच्यासारखा कधीच होत नाही, पाणी तिथूनच आत शिरतं.

तुमच्याकडे पाणी आधी आलं आणि गटार मागे राहिलं, याचाही हिशोब सांगते. भुयारी गटार नसलेल्या शहरात माणशी रोज 70 लिटर आणि असलेल्या शहरात 135 लिटर पाणी, असं केंद्राच्या 1999च्या पाणीपुरवठा नियमावलीत धरलेलं होतं. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. तीस हजारांच्या शहरात 70 लिटरने रोज सुमारे 17 लाख लिटर सांडपाणी होतं, 135 लिटरने सुमारे 32 लाख. म्हणजे गटारं तीच ठेवून पाणी वाढवलंत, तर रोजचं 15 लाख लिटर जास्तीचं सांडपाणी उघड्या नाल्यातून सखल भागात जाणार. पाणी योजना मंजूर झाली त्या दिवशीच गटाराचा क्रम ठरला होता, फक्त कुणी लिहून ठेवला नाही.

तुम्ही एक करू शकता. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या रस्त्याखाली कोणत्या वर्षी काय जाणार आहे, याचा रस्तानिहाय नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. बहुधा उत्तर येईल की असा नकाशा उपलब्ध नाही. ते उत्तर घेऊन नगराध्यक्षांकडे जा आणि नकाशा होईपर्यंत नवीन काँक्रीट नको, असा ठराव मागा. गल्लीतल्या लोकांना तो आवडणार नाही. एक-दोन वर्षं मुरमावर चालावं लागेल.

प्रश्न : शहराला नाट्यगृहासाठी शासनाचा निधी मिळतोय. काही जण म्हणतात आधी पाणी, मग नाट्यगृह. पण हा निधी पाण्यावर वापरताच येत नाही. मग आलेला पैसा परत पाठवायचा का? मी निवृत्त शिक्षक आहे आणि नाट्यगृह व्हावं असं मला मनापासून वाटतं.

उत्तर : सर, मलाही वाटतं. पाणी आणि गटार याखेरीज माणसाला काही लागतच नाही, असं समजणाऱ्या अभियंत्यांपैकी मी नाही. पण अनुदान बांधकामाला मिळतं, चालवायला मिळत नाही. वीजबिल, वातानुकूलन यंत्रणेची देखभाल, अग्निशमन व्यवस्था, पहारेकरी, सफाई, दहा वर्षांनी खुर्च्या आणि पडदे. या सगळ्याचा दहा वर्षांचा तक्ता बनवून द्या, असं मुख्याधिकाऱ्यांना सांगा आणि त्यासमोर अपेक्षित भाडं लिहा. मधली तूट मालमत्ता करातून भरली जाणार. ती दरसाल किती हे सभागृहाला माहीत असेल आणि तरीही बहुमत हो म्हणत असेल, तर खुशाल बांधा. तक्ता न करताच निधी स्वीकारला तर दार बंद असलेली एक मोठी इमारत मिळेल.

आकार हाही निर्णयच असतो. हजार खुर्च्यांऐवजी तीनशेचं, साधं, हवा खेळती राहील असं सभागृह बांधलं तर तीच तूट बरीच कमी होते. लहान शहरांत मला तेच योग्य वाटतं.

जागा कोणती, हेही पाहा. विकास आराखड्यात आरक्षित असलेली, पण अजून ताब्यात न आलेली जागा असेल तर तिच्याकडे आधी लक्ष द्या. आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली की जमीनमालक नगररचना कायद्याच्या कलम 127खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नाट्यगृह पाच वर्षांनी बांधता येईल. जागा एकदा गेली की शहराच्या मध्यात तेवढी पुन्हा मिळणार नाही. तेव्हा भांडायचंच असेल तर या वर्षी संपादनासाठी भांडा.

प्रश्न : पाच वर्षांचा आराखडा मंजूर झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यातला क्रम बदलला. मग आराखडा करायचाच कशाला?

उत्तर : बदलायलाच हवा, दर वर्षी. पहिल्या वर्षाची कामं पक्की, दुसऱ्या वर्षाची जवळजवळ पक्की, बाकीची कच्ची, आणि दर अंदाजपत्रकाला शेवटी एक नवं वर्ष जोडायचं. आक्षेप घ्यायचा तो कारण न लिहिता केलेल्या बदलावर. कोणतं काम वर गेलं, त्यापायी कोणतं खाली आलं आणि का, हे ठरावात नोंदवलंय का ते तपासा.

प्रश्न : मी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे. पाण्यातलं क्लोरीन सतत मोजणारं यंत्र मी दर वर्षी प्रस्तावात घालतो आणि दर वर्षी ते गळतं. 'एवढ्याशा कामाचं उद्घाटन काय करायचं' असं तोंडावर ऐकलंय. कसं पटवून देऊ?

उत्तर : कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन नावाचं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये जोरदार पाऊस झाला आणि शेतातल्या शेणखताचं पाणी गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं. ते जीवाणूंसकट नळांना गेलं. 7 माणसं दगावली, 2,300हून जास्त आजारी पडली. क्लोरीनच्या नोंदी कर्मचारी मनाने लिहीत होते. नंतर न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती.

हा परिच्छेद प्रस्तावाच्या टिपणीत जसाच्या तसा घाला. त्याखाली पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकातली मर्यादा लिहा : ग्राहकाच्या नळाशी प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन. त्याखाली तुमच्या शहरातल्या शेवटच्या टोकाच्या नळांवर तुम्ही स्वतः, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचे आकडे लिहा. चांगले आले तरी लिहा, वाईट आले तरी लिहा. आणि हे यंत्र स्वतंत्र काम म्हणून मागू नका. जलशुद्धीकरण केंद्राच्या कोणत्याही मोठ्या कामाच्या इस्टिमेटमध्ये, पॅनेल आणि केबलच्या शेजारी, एक बाब म्हणून बसवा. निविदेत त्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीची अट घालायला विसरू नका, कारण त्याचा सेन्सर वेळोवेळी साफ करून तपासावा लागतो. उद्घाटन त्या मोठ्या कामाचं होऊ द्या.