सांतियागोत राहायचे ठरल्यास न्युन्योआचा विचार करावा

कंपनी तुम्हाला चिलीतील सांतियागो येथे पाठवत असून सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी येणार आहे, तेव्हा शहरात नेमके कुठे घर घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते आधी कोमुना, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेला शहराचा भाग, ठरवावी आणि मगच घर पाहावे. मुंबईत कुलाब्यापासून दहिसरपर्यंत एकच महानगरपालिका चालते, तसे येथे नाही. हे महानगर तीसहून अधिक कोमुनांचे मिळून बनले आहे आणि प्रत्येकीला दर चार वर्षांनी निवडून येणारा स्वतःचा महापौर व स्वतःचे अंदाजपत्रक असते. कचरा, बागा, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी बहुतेक, इतकेच काय, वाहन चालवण्याचा परवानादेखील आपण राहतो त्या कोमुनेच्या नगरपालिकेकडे असतो.

तुमच्या कुटुंबासाठी मी न्युन्योआ ही कोमुना सुचवेन. कचेऱ्या जवळ पडतात म्हणून आपली मंडळी प्रोविदेन्सिया किंवा लास कोंदेसमध्येच घर शोधतात. परंतु न्युन्योआ प्रोविदेन्सियाला दक्षिणेकडून लागूनच आहे आणि मेट्रोची सहावी मार्गिका २०१७ मध्ये व तिसरी २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून तेथून ये-जा करणे फारच सोपे झाले आहे. इरारासावाल या मुख्य रस्त्यालगत जुनी बैठी घरे पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील सदनिका नव्या असल्या तरी बऱ्याच लहान असतात. म्हणून मूल सोबत असताना मी विया फ्रेईसारख्या, १९६०च्या दशकात मोठ्या झाडांच्या सावलीत वसवलेल्या वसाहती आधी पाहीन.

एस्तादियो नासिओनाल हे राष्ट्रीय क्रीडागारही याच कोमुनेत आहे. सामने व मोठे कार्यक्रम असतात त्या रात्री आसपासचे रस्ते तुंबतात, तेव्हा घर काही चौक दूर असलेले बरे. १९६२च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला आणि १९७३च्या लष्करी उठावानंतर येथेच हजारो लोकांना डांबून त्यांचा छळ करण्यात आला. त्या काळातील लाकडी बाकांचा एक भाग मुद्दाम तसाच जपून ठेवला आहे. तो अवश्य पाहावा, कारण वयस्कर शेजाऱ्यांच्या मनात तो काळ अजून ताजा आहे.

घर पाहताना खिडक्यांची दिशा जरूर विचारावी. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडे उघडणाऱ्या खोल्यांना हिवाळ्यात ऊन मिळते. दक्षिणेकडची खोली जून ते ऑगस्ट गारठलेली राहते आणि पश्चिमेकडची जानेवारीत तापते. घर गरम ठेवण्याची सोय प्रत्येक इमारतीत नसते, म्हणून तो खर्च आधीच धरावा. हिवाळ्यात पर्वतांनी वेढलेल्या या खोऱ्यात थंड हवा खाली अडकून धूर साचतो. कोणाला दमा असेल तर हे फार गांभीर्याने घ्यावे. भूकंप होतच राहतात. मात्र २०१० सालच्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपातही चिलीतील बहुसंख्य आधुनिक इमारती टिकून राहिल्या, तेव्हा त्या भीतीने उंच मजला नाकारण्याचे कारण नाही.

भाड्याव्यतिरिक्त गास्तोस कोमुनेस, म्हणजे इमारतीचा देखभाल खर्च, दरमहा वेगळा द्यावा लागतो आणि तो लहान नसतो. घरमालक सहसा मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या, एक महिन्याची अनामत आणि अनेकदा जामीनही मागतात. नव्याने आलेल्या माणसाकडे यातले बरेच काही नसते. म्हणून आरंभी फर्निचरसह मिळणारी सदनिका थोड्या काळासाठी घ्यावी आणि कंपनीकडून जामीनपत्र मिळेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वीज २२० व्होल्टची असल्याने आपला मिक्सर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. डाळी, चणे आणि कोथिंबीर आठवडी बाजारात, म्हणजे फेरियात, मिळतात. कढीपत्ता व गोडा मसाला मात्र गृहीत धरू नये.

शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते, म्हणून जमल्यास जानेवारीत पोहोचावे. २०२२ पासून लागू झालेल्या स्थलांतर कायद्यानुसार पर्यटक म्हणून येऊन येथे निवास परवाना घेणे सामान्यतः शक्य नाही. तेव्हा तिघांचेही अर्ज भारतात असतानाच ऑनलाइन करावेत आणि विवाहाचा व जन्माचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर सरकारी प्रमाणन घेऊन, सोबत आणावा.