ऑस्ट्रेलियन कादंबरीचा पेपर घेतलाय? आधी एवढं करा

ताई, एम.ए.ला हा पेपर निवडलात, फार छान केलंत. फक्त गाइडपासून सुरुवात करू नका. इथे जळगावात बरीच मुलं तिथंच अडकलेली मी पाहिलीत.

पहिल्या महिन्यात दोनच कादंबऱ्या वाचा. केट ग्रेनव्हिल यांच्या ‘द सीक्रेट रिव्हर’मध्ये (२००५) गोरा वसाहतकार खडकावर कोरलेल्या माशावरच आपलं घर बांधतो. ते पान दोनदा वाचा, जमिनीचा सगळा वाद त्या घराच्या पायात आहे. वान्यी या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजाच्या लेखिका अ‍ॅलेक्सिस राइट यांची ‘कार्पेंटेरिया’ (२००६) नद्या घडवणाऱ्या पुराणसर्पापासून सुरू होते. जड जाईल, म्हणून मोठ्यानं वाचा. आजीकडून अहिराणीत गोष्टी ऐकल्या असतील तर ती लय पटकन कानात बसेल.

नेहमीच्या चुका:
- सगळे आदिवासी एकच समजणं. नंदुरबारकडे भिल्ल आणि कोकणी वेगळे, तसेच तिकडे वान्यी आणि नूंगार.
- आदिवासी लेखकाची कादंबरी अहवालासारखी वाचणं. भाषा, रचना, विनोद बघा की!
- आदिवासींच्या जमीनहक्काबद्दलचा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९२चा माबो निकाल माहीत नसणं. ‘ही जमीन कुणाचीच नव्हती’ हे गृहीतक त्यानं मोडलं.

थिअरीचं पुढच्या सत्रात बघू.