भूत तेच, बिऱ्हाड नवं

प्रश्न : ताई, 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' या भयपटाचा पहिला भाग कॉलेजात असताना पाहिला आणि पुढे कितीतरी रात्री दिवा लावून झोपले. चौथ्या भागाला मात्र चक्क जांभया आल्या. माझा धाकटा दीर म्हणतो, 'वहिनी, पाचवा बघ, त्यानं मालिकेत जीव आणला.' खरं आहे का? मधलं सगळं पुन्हा पाहावं लागेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिराचं ऐका. पाचवा भाग, 'द मार्क्ड वन्स', जानेवारी 2014मध्ये आला आणि तो का हवा होता हे कळायला थोडं मागे जावं लागेल. दिग्दर्शक ओरेन पेलीनं पहिला भाग सॅन डिएगोतल्या स्वतःच्याच घरात, आठवडाभरात, सुमारे 15,000 डॉलरांत उरकला होता. पलंगाच्या पायथ्याशी ट्रायपॉडवर कॅमेरा, पडद्याच्या कोपऱ्यात पळणारं घड्याळ, झोपलेलं जोडपं आणि खोलीचं उघडं दार. बाकी भूत शोधायचं काम आपलं. 2009मध्ये तो सगळीकडे लागला, 19 कोटी डॉलरांहून जास्त कमाई झाली, आणि मग वर्षाला एक भाग यायला लागला. प्रत्येक वेळी तसंच ऐसपैस दुमजली घर, शेजारपाजार जवळजवळ नाहीच. चौथ्यापर्यंत प्रेक्षकाला पाठ झालं होतं की आता कुठल्या दाराकडे बघायचं. दार पाठ झालं की भीती संपली.

पाचव्या भागानं भूत बदललं नाही, बिऱ्हाड बदललं. कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड गाव, मेक्सिकन वंशाची माणसं, एकमेकांना खेटून असलेली घरं. नुकतीच शाळा संपलेला जेसी, त्याचा मित्र हेक्टर, घरात आजी. दिग्दर्शक ख्रिस्तोफर लँडन हा आधीच्या तीन भागांच्या लेखनात होता, त्यामुळे काय गुळगुळीत झालंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं कॅमेरा ट्रायपॉडवरून उचलून पोरांच्या हातात दिला.

मी पोटापाण्यासाठी सिनेमाचे आवाज जुळवते, म्हणून असेल, पण मला यात सगळ्यात आवडतो तो शेजार. खालच्या घरातल्या आना नावाच्या बाईकडून रात्री चमत्कारिक आवाज येतात. आवाज आधी, चित्र नंतर. पोरं ऐकतात, कुजबुजतात आणि शेवटी हवेच्या झरोक्यातून कॅमेरा खाली सोडतात. पहिल्या भागातलं जोडपं आपल्याच घरात काय आहे ते शोधत होतं. इथे दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड नडते. भिंतीपलीकडचा खोकला कुणाचा हे ओळखणाऱ्या आपल्या मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक जागा सांगते. आपल्याकडे हॉस्टेलवर प्लँचेटसाठी वाटी फिरवायचे, तसं ही पोरं 'सायमन' नावाचं चार रंगांच्या दिव्यांचं खेळणं पुढ्यात घेऊन बसतात. हिरवा लागला तर हो, लाल लागला तर नाही. लहान मुलांचं खेळणं, त्याचा तो चढा पिपाणीसारखा सूर, आणि पोरांचं हसू हळूहळू आटत जातं. आधी जेसी मागे झोकून देतो तेव्हा कुणीतरी त्याला हवेतच झेलतं. त्याला वाटतं, आपल्याला शक्ती मिळाली. तो खूश असतो, आपणही असतो, म्हणून पुढचं लागतं. आजी त्याच्यावरचं सावट उतरवायला धडपडते, तेव्हा तर मला फार कळवळून आलं. आधीच्या भागांत माणसांपेक्षा दारं जास्त लक्षात राहत होती. इथे मुलगा लक्षात राहतो.

मधलं सगळं पाहायची गरज नाही. पहिला ताजा करा, कारण पाचव्याचा शेवट थेट तिथे जाऊन भिडतो. दुसऱ्यातली मुलगी इथे भेटते, तेवढं लक्षात असलं तरी चालेल. तिसरा मात्र सोडू नका. त्यात 1988 साल आहे आणि घरातला माणूस लग्नाचे व्हिडिओ करणारा, त्यामुळे कॅमेरे का, हा प्रश्नच उरत नाही. तो टेबल फॅन खोलतो आणि फिरणाऱ्या बुडावर कॅमेरा बसवतो. कॅमेरा संथपणे बैठकीच्या खोलीकडून स्वयंपाकघराकडे जातो, पुन्हा येतो. मुलींना सांभाळायला आलेली पोर टेबलाशी बसलीय. तिच्या मागे पांढरी चादर पांघरून कुणीतरी उभं असतं. तुम्हाला ओरडून सांगायचं असतं आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा वळून निघून जातो. इतकं साधं आणि इतकं नेमकं काम मी भयपटात क्वचित पाहिलंय. 2015चा त्रिमितीतला भाग खुशाल सोडा. त्यात भूत स्पष्ट दाखवलंय.

प्रश्न : आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जातेय. रिकाम्या खोल्यांत मोबाइलवर फाउंड फुटेज, म्हणजे पात्रांनीच टिपलाय असं वाटणारा, भयपट करायचा आहे. पात्रं कॅमेरा टाकून पळत का नाहीत, असं सगळे विचारतात. काय करावं?
— चार मित्र, गिरगाव

उत्तर : तुमचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. खोली सोडण्याआधी पोटमाळा, मोरी, भिंती, सगळं मोबाइलवर घेऊन ठेवायचं, उद्या क्षेत्रफळावरून वाद झाला तर पुरावा हवा म्हणून. ज्याच्या हातात घराचा पुरावा आहे तो मोबाइल टाकून पळणार नाही, वर परत आत जाईल. हेच कारण धरा, दुसरं शोधू नका.

पार्श्वसंगीत अजिबात नको. पहिल्या 'पॅरानॉर्मल'मध्ये काही घडायच्या आधी खालच्या पट्टीतली घरघर सुरू होते. एकदोन रात्रींत प्रेक्षक ती ओळखतो आणि पुढे नुसत्या घरघरीनं अंग चोरतो. तुमच्याकडे त्याहून चांगली घरघर आहे. पहाटे पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, आधी फुसफुस, मग घशात काही अडकल्यासारखी, मग पहिली गढूळ चूळ. ती नीट रेकॉर्ड करा, मोबाइल नळाच्या अगदी जवळ धरून. सुरुवातीला दोनदा खरं पाणी येऊ द्या. तिसऱ्यांदा ती घरघर अशा खोलीत ऐकवा, जिथली जोडणी तोडलेली आहे. आणि प्रत्येक खोलीत कुणीही न बोलता मिनिटभर नुसता खोलीचा आवाज टिपून ठेवा. रिकाम्या खोलीचा घुमारा सामान भरलेल्या खोलीला येत नाही, संकलनात तो तुम्हाला लागेलच.

एक कळकळीची सूचना. गॅलरीला टेकू लावले असतील तर त्या बाजूला रात्री पाऊल टाकू नका, कमिटीला सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. मित्रांनी पाहिला म्हणून 'मार्क्ड वन्स'साठी हट्ट धरून बसलाय. दाखवू का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : नको. अमेरिकेतही तो 'आर' वर्गात आहे, म्हणजे 17 वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही, आणि त्यात हिंसा, शिवीगाळ, नग्नता सगळं आहे. शिवाय हे सिनेमे घराचीच भीती घालतात, आणि त्याला रात्री त्याच घरात झोपायचंय. हट्ट फारच असेल तर त्याला मोबाइल द्या आणि स्वतःचा पाच मिनिटांचा भयपट करायला सांगा. चादरीतलं भूत तुम्ही व्हा.