मोठ्या ग्रंथालयातल्या संशोधन-खोलीसाठी अर्ज करावा का?

प्रबंधासाठी अशा खोलीत जागा मागावी की वाचनकक्षातच भागेल, असं तुम्ही विचारलंय. जरूर मागा. शांतता वाचनकक्षातही मिळते. खरा फायदा पुस्तकं राखून ठेवण्याचा. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत. अशा खोलीत बहुधा तुमच्या नावाचा कप्पा असतो, त्यामुळे काल सोडलेल्या पानावरून आज पुढे जाता येतं. हे सुख अनुभवल्याशिवाय कळत नाही!

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या, १९११ साली उघडलेल्या मुख्य इमारतीत लेखकांसाठी ॲलन रूम आहे. चरित्रकार रॉबर्ट कॅरो तिथे काम करत, आणि आसपासच्या लेखकांची सोबत त्यांना फार मोलाची वाटली.

अर्जात विषय नेमका लिहा. ‘इतिहासाचा अभ्यास’ एवढ्याने भागत नाही. त्याच ग्रंथालयातली कुठली कागदपत्रं, कुठले जुने अंक लागणार ते सांगा. त्यासाठी आधी सूची चाळा आणि संदर्भ ग्रंथपालांना भेटा, तासाभराच्या बोलण्यात महिन्याचं काम वाचतं. दुर्मीळ ग्रंथ मात्र सहसा त्यांच्याच कक्षात बसून बघावे लागतात. जागा मिळाली की नियमित जा, कारण बाहेर थांबलेल्या दुसऱ्या कुणाला तेच मेज हवं असतं.