संख्या जास्त असली तरी

कंपनी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला पाठवतेय, पण तिथे 80 टक्क्यांहून जास्त लोक काळेच, सरकारही त्यांचंच, मग त्यांच्याशी वर्णभेद होणार तरी कसा, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सगळं वकिलातीच्या साइटवर आहे, ते लिहीत नाही. या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली.

होतो, आणि सगळ्यात जास्त त्यांच्याशीच होतो. 1948 ते 1994 गोऱ्यांनी वर्णभेदाचं राज्य चालवलं, तेव्हाही काळेच बहुसंख्य होते. जमीन, बँका, चांगल्या शाळा कुणाकडे, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे तरी काय होतं? देश आपला, पण 1883 मध्ये गोऱ्यांवरचे खटले देशी न्यायाधीशांनाही चालवू देणारं इल्बर्ट बिल आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या देशी न्यायाधीशापुढे आरोपी म्हणून उभं राहायला गोरे तयार नव्हते.

इथे दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या कायद्याने माणसामाणसावर वंशाचा शिक्का मारला. शंका आली की केसांत पेन्सिल खोचायचे. अडकून राहिली तर तो गोरा नाही. कायदा 1991 मध्ये गेला, पण केसांवरची नजर गेली नाही. 2016 मध्ये प्रिटोरियातल्या एका शाळेच्या मुलींनी केसांच्या नियमांविरुद्ध आंदोलन केलं, ते देशभर गाजलं.

त्यानंतरची गोष्ट. माझ्या लेकीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली काळ्या, शिक्षक बहुतेक गोरे. तिच्या झुलू मैत्रिणीला बाईंनी 'केस नीट करून ये' म्हणून घरी पाठवलं. पोरीच्या बारीक वेण्या तिच्या आईने रात्री बसून घातलेल्या, एक केस इकडचा तिकडे नव्हता. माझी लेक तेल थापून दोन वेण्यांत जाते, तिला कुणी हटकलं नाही. मी शाळेला पत्र लिहिलं. 'नियम सर्वांना सारखे आहेत,' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. अजून डोक्यातून जात नाही. लेकीला तिथून काढावं का, यावर आम्हा नवराबायकोचं आजही एकमत नाही.

आपली माणसं भेटतील, लेनेशिया या भारतीयांच्या वस्तीत कढीपत्ताही मिळेल, एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका. पण त्याच आपल्या माणसांच्या घरी जेवताना 'या लोकांपासून जपून' हे ऐकावं लागेल, आणि वाढणारी बाई 'या लोकां'तलीच असेल. मला तो घास उतरत नाही. मी तिथल्या तिथे बोलते, त्यामुळे दोन घरांची आमंत्रणं बंद झाली. त्याचं दुःख होतं, खोटं कशाला सांगू.

शाळा बघायला जाल तेव्हा केसांचा नियम आधी वाचायला मागा. फाटकाशी उभ्या काळ्या मुलींच्या आयांशी बोला, मगच फी भरा.