चिरान आणि कानोया ही दोन वेगळी ठिकाणं आहेत

तुम्ही लिहिलंय की जपानमधल्या कागोशिमात दीडच दिवस आहे, सोबत सत्तरीचे वडील आहेत, आणि 'कामिकाझे म्युझियम' (दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आत्मघातकी वैमानिकांचं) अर्ध्या दिवसात होईल का. वाचून पोटात गोळा आला, कारण मी नेमके हेच दोन शब्द तिथल्या एका माहिती काउंटरवर बोललो होतो.

अशी म्युझियमं तिथे दोन आहेत. चिरान हा आर्मीचा तळ, कानोया नेव्हीचा, आणि मध्ये अख्खी कागोशिमाची खाडी. काउंटरवर कुठलं हवंय असं एकदाही विचारलं नाही, सरळ कानोयाला गोल करून फेरीची वेळ लिहून दिली, आणि मीही रात्री नकाशा उघडून बघितला नाही, ही माझी चूक. कानोया वाईट अजिबात नाही, तिकीट नाही, बाहेर कावानिशी कंपनीचं चार इंजिनांचं फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, उभं आहे, जगात तेवढं एकच उरलंय. पण माझे बाबा एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होते, त्यांना हायाते हे जपानी आर्मीचं लढाऊ विमान बघायचं होतं, तेही जगात एकच शिल्लक आहे आणि ते चिरानला!

मग परत फेरी, परत बस, आणि चिरानला पोचलो तेव्हा चार वाजून गेलेले. साडेचारनंतर आत घेत नाहीत, पाचला बंद. बाबा हायातेसमोरून हलेनात, आणि हलले तेव्हा फोटोंच्या भिंतीसाठी दहा मिनिटं उरली होती. ओकिनावाच्या लढाईत, १९४५ मध्ये, गेलेले आर्मीचे १,०३६ वैमानिक, त्यातले ४३९ चिरानहून उडालेले, सगळ्यात लहान १७ वर्षांचा. घरच्यांना लिहिलेली शेवटची पत्रं तर वाचायची राहिलीच. बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "पत्रं राहिली रे." ते मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं की तुम्ही कामिकाझे म्युझियम म्हणालात, तेही कामिकाझेचंच आहे. अहो, मला भरपाई नको होती, पुढच्या माणसाला 'आर्मी की नेव्ही' एवढं विचारा इतकंच म्हणणं होतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, एकच करायचं असेल तर चिरान, दोन्ही एका दिवसात करूच नका, आणि तोंडाने न सांगता नाव जपानीत लिहून दाखवा.

कागोशिमा-चुओ स्टेशनहून चिरानला बसने साधारण सव्वा ते दीड तास, स्टॉप 'तोक्को कान्नोन इरिगुची'. सकाळचीच बस पकडा, आत निदान तीन तास ठेवा. बस कमी असतात, परतीची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा, सुटी नाणीही जवळ असू द्या. (वेळा मी गेलो तेव्हाच्या आहेत, निघायच्या आधी तपासाच.) प्रदर्शनात फोटो काढता येत नाहीत, वडिलांना आधीच सांगा. १९८० मध्ये समुद्रातून काढलेलं झीरो हे नेव्हीचं लढाऊ विमान आहे, सांगाडाच उरलाय, पण तिथे थांबा. बाहेर वैमानिकांच्या त्रिकोणी बराकीची प्रतिकृती आहे, तीही चुकवू नका.

शाकाहारी असाल तर उदोन नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो, डबा न्या. आणि वडील दमले नसतील तर गावात तोमे तोरिहामा या बाईंची खानावळ होती तिथे होतारुकान हे छोटं म्युझियम आहे, ही पोरं शेवटचं जेवायला त्यांच्याकडे यायची. सामुराई घरांच्या बागा राहिल्या तरी चालतील.